दोन प्रथमेश आणि माझी चुकलेली पोस्ट

राजेहो, आधी एक कबुली देतो, मंग बाकीचं बोलू.

तारीख २७ एप्रिल २०२४, शनिवार. आदल्याच दिवशी आपल्या बुलडाणा लोकसभेचं मतदान झालं होतं, बोटावरची शाई ताजी होती. दुपारी पडल्या पडल्या मोबाइल चाळत होतो, तर बातमी दिसली. तिरंदाजी, शांघायचा विश्वचषक, कंपाउंड पुरुष संघाला सुवर्ण, आणि संघात प्रथमेश. एवढं वाचलं अन् मी उठूनच बसलो. पुढचं वाचायला थांबलोच नाही. लगेच पोस्ट ठोकली : "पुन्हा शांघाय, पुन्हा प्रथमेश, पुन्हा सोनं! बुलडाण्याचा डंका जगात!" वर त्याचा जुना फोटो डकवला. धडाधड लाइक पडायला लागले. मतदानाच्या राजकारणानं कंटाळलेल्या लोकांना एक गोड बातमी मिळाली होती.

अर्ध्या तासानं एका ओळखीच्या पोराचा मेसेज आला. "काका, तो प्रथमेश फुगे आहे. आपला जवकार या संघात नाही."

खरंच. सुवर्ण जिंकणाऱ्या संघात अभिषेक वर्मा, प्रियांश आणि प्रथमेश फुगे होते, आणि त्यांनी अंतिम सामन्यात नेदरलँड्सला हरवलं होतं. फुगेही आपल्या महाराष्ट्राचाच, गुणी खेळाडू. पण तो बुलडाण्याचा प्रथमेश नव्हता. मी गुपचूप पोस्ट उडवली. चूक झाली ती झाली, त्याचं एवढं काही नाही, माणूस चुकतोच. मला टोचलं ते वेगळंच. बुलडाण्याचा प्रथमेश भारतीय संघात आहे की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. पदक आलं तेव्हा मी त्याचा फोटो लावला होता, "आपला पोरगा, आपला पोरगा" म्हणून मिरवलो होतो. त्यानंतर सहा महिने मी त्याची साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. आणि हे माझं एकट्याचं नाही. तुमच्यातले किती जण जाणून होते, सांगा.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रथमेश जवकार हा आपल्या बुलडाण्याचा पोरगा, जन्म सप्टेंबर २००३ चा. खेळ तिरंदाजी, प्रकार कंपाउंड. २० मे २०२३ रोजी शांघायच्या विश्वचषकात त्यानं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. वय तेव्हा एकोणीस. अंतिम सामन्यात समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. या श्लोसरला तिरंदाजीच्या दुनियेत 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात. २०१५ मध्ये त्यानं बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धेत ६० बाण मारले आणि साठच्या साठ दहात, म्हणजे ६०० पैकी ६००. असं करणारा जगातला तो पहिला माणूस. त्या माणसाला आपल्या पोरानं १४९-१४८ असं हरवलं.

आता हा आकडा नुसता वाचून पुढं जाऊ नका. जरा समजून घ्या.

कंपाउंडचा वैयक्तिक सामना १५ बाणांचा असतो. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या. एका बाणाला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण १५०. प्रथमेशचे १४९ झाले, म्हणजे पंधरापैकी चौदा बाण दहात आणि एकच नऊमध्ये. पल्ला ५० मीटरचा. आपल्या स्टँडवर चार एसटी बस एकामागे एक लावल्या तर जवळपास तेवढं अंतर भरतं. पलीकडच्या टोकाला जे दहाचं वर्तुळ असतं, त्याचा व्यास ८ सेंटिमीटर. घरातल्या वरणाच्या वाटीचं तोंड असतं तेवढं. चार एसटीच्या पलीकडं ठेवलेल्या वाटीत पंधरापैकी चौदा बाण टाकायचे, प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात, आणि बाजूला जगातला एक नंबरचा माणूस उभा असतो. पंधरा बाणांत दोन गुण गमावले म्हणून श्लोसर हरला. दोन गुण!

हा खेळ असा आहे. इथं "चांगला खेळला" याला काही अर्थ नसतो. सगळेच चांगले खेळतात. एका गुणाच्या फरकानं एकाच्या घरी ढोल वाजतो आणि दुसरा बॅग भरून विमानतळावर जातो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत एर्मोसिल्यो इथं विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. वर्षभरात चमकलेल्या मोजक्याच खेळाडूंना तिथं प्रवेश असतो. प्रथमेश तिथंही अंतिम फेरीत पोचला. समोर डेन्मार्कचा माथियास फुलर्टन. दोघांचे गुण सारखे, १४८-१४८. मग एकेका बाणाचा शूट-ऑफ. दोघांनीही दहा मारले! अशा वेळी कोणाचा बाण मध्यबिंदूच्या जास्त जवळ आहे ते मोजतात. फुलर्टनचा जवळ निघाला. आपल्या पोराला रौप्य. सोनं आणि चांदी यांच्यात वाटीएवढंसुद्धा अंतर नव्हतं, बोटभर असेल नसेल.

आणि मग हांगझोऊ. ५ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धा. आपल्याकडं सोयाबीन सोंगणीचे दिवस. पुरुष कंपाउंड संघाच्या अंतिम सामन्यात अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आपला प्रथमेश जवकार या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवलं. तिरंदाजीत कोरियाला हरवणं म्हणजे काय, ते या खेळातल्या माणसाला विचारा. त्या स्पर्धेत कंपाउंडची पाच सुवर्णं होती आणि पाचही भारतानं आणली. त्यातल्या एका सुवर्णात तिसरा हिस्सा बुलडाण्याचा. गावात फटाके फुटले, बॅनर लागले, मी पण फोटो टाकला. तोपर्यंत आपण सगळे जोरात होतो.

पण त्याच हांगझोऊमधली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. वैयक्तिक प्रकारात एका देशाच्या दोघांनाच बाद फेरीत खेळता येतं, असा तिथं नियम होता. भारताकडून ओजस आणि अभिषेक खेळले, दोघंही अंतिम फेरीत पोचले, ओजसनं सोनं घेतलं आणि अभिषेकनं चांदी. प्रथमेशला वैयक्तिक खेळायलाच मिळालं नाही. चार-पाच महिन्यांपूर्वी ज्यानं जगातल्या एक नंबरला हरवलं, तो पोरगा आपल्याच देशात तिसरा ठरला म्हणून वैयक्तिक पदकाच्या रांगेतून बाहेर राहिला. यात कोणाचा अन्याय नाही, नियम तो नियम. पण भारतात कंपाउंडची गर्दी काय दर्जाची आहे, ते यातून कळतं. निवड चाचणीत आज तुम्ही तिसरे असाल तर संघात, उद्या पाचवे आलात तर घरी. २०२४ चा संघ निवडला गेला, त्यात नावं बदलली. एवढंच झालं. आणि आमच्यासारख्यांनी ओळखही बदलून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, याला एकदम एवढा तिरंदाजीचा पुळका का आला? सांगतो. त्या पोस्टनंतर दोनेक महिन्यांनी माझ्या घरातच धनुष्य आलं.

पोरगी तेव्हा आठवीत होती. शाळेतल्या सरांनी काही मुलामुलींना लाकडी धनुष्यावर उभं केलं होतं. ते बांबूचं-लाकडाचं साधं धनुष्य, थोड्या पैशात येतं. मला वाटलं, चला, मोबाइलपासून सुटली, दहावीला ग्रेस मार्क मिळाले तर मिळाले. पण पोरगी सुटली नाही त्यातून. सकाळी हाका न मारता उठायला लागली. दीडएक वर्षानं तिला शिकवणारे म्हणाले, "हिचा हात स्थिर आहे. कंपाउंडवर टाका." मी विचारलं, "केवढ्याला पडते?" ते म्हणाले, "स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच घ्यायचा तर अडीच-तीन लाख धरा."

मी घरी आलो आणि हिशेब मांडला. माझी चार एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. तीन लाखांना भाग दिला तर ५६ क्विंटल आले. माझ्या वावरातलं दोन-अडीच वर्षांचं सगळं सोयाबीन, खर्च एक रुपयाही वजा न करता. अन् हमीभाव खरंच हातात पडतो का, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. वर पुन्हा बाण मोडतात, दोरी झिजते. चांगला कार्बनचा एक बाण हजारांत जातो, आणि ते बारा-बाराच्या संचात घ्यावे लागतात. प्रवास वेगळा, स्पर्धेची फी वेगळी.

हे धनुष्य एवढं महाग का, असा प्रश्न मलाही पडला होता. आपल्या रामलीलेतल्या धनुष्याशी त्याचं काही नातं नाही. दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यावरून दोरी फिरते. ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण शेवटाला पोचलं की चाकं बराचसा भार स्वतःवर घेतात आणि बोटांवर थोडाच उरतो. त्यामुळं नेम धरून थांबता येतं. नेम धरायला भिंगाची साइट असते, दोरी बोटांनी न सोडता छोट्या यंत्रानं सोडतात. बाण ताशी ३०० किलोमीटरच्या घरात सुटतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं यंत्रच करतं, यात माणसाचं काय? अहो, यंत्र सगळ्यांकडं सारखंच. म्हणून तर सगळे दहा मारतात, आणि म्हणून तर एक नऊ पडला की माणूस हरतो.

घरी चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, मी बोलत होतो आणि बायको पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "याचं पुढं काय? नोकरी लागते का? प्रथमेशनं जगातल्या एक नंबरला हरवलं, तरी वर्षभरात लोक त्याला विसरले. मीच विसरलो. मंग आपल्या पोरीचं काय?"

पोरगी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही विसरले म्हणून त्याचं खेळणं थोडीच थांबलं?"

या एका वाक्यानं मला पुन्हा वाचायला बसवलं. आणि वाचता वाचता मला जे सापडलं, तेच खरं तर सांगायचं आहे.

अभिषेक वर्मा हे नाव वर दोनदा आलं. या माणसानं २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत संघाचं सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य घेतलं. कंपाउंड प्रकार आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आला तोच त्या वर्षी. नऊ वर्षांनी हांगझोऊत हाच माणूस पुन्हा संघाचं सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य घेऊन आला. वय तेव्हा चौतीस. ज्या २०२४ च्या शांघाय संघावरून माझी फजिती झाली, त्या संघातही तो होताच. म्हणजे कंपाउंडमध्ये माणूस पंधरा-पंधरा वर्षं टिकू शकतो. धावपटूसारखे पाय लवकर संपत नाहीत, मल्लासारखं वजन आड येत नाही. एवढ्या वर्षांत चढउतार येणारच. मग ते दिवस काढता येतात कसे? वर्मा आयकर खात्यात नोकरीला आहे. महिन्याच्या महिन्याला पगार. संघात निवड झाली तरी पगार, नाही झाली तरी पगार.

राजेहो, खेळाडूचं करिअर म्हणजे नुसती पदकांची यादी नव्हे. दोन पदकांच्या मधली जी कोरडी वर्षं असतात ना, ती कोण सांभाळतो, यावर करिअर ठरतं. आपण कोरडवाहू शेतकरी माणसं, आपल्याला हे समजावून सांगायला नको. एका चांगल्या पिकावर घर चालत नाही. पाऊस दडी मारतो त्या वर्षी कोण उभं राहतं, त्यावर चालतं.

कोरियाचंच घ्या. आपण म्हणतो, कोरियन लोकांच्या रक्तातच तिरंदाजी आहे. रक्ताबिक्तात काही नाही. तिथं कंपन्यांचे आणि नगरपालिकांचे तिरंदाजी संघ आहेत, खेळाडूंना पगार देणारे. ह्युंदाई उद्योगसमूह १९८५ पासून तिथल्या तिरंदाजी संघटनेच्या पाठीशी उभा आहे. चाळीस वर्षं, एकाच खेळामागं. म्हणून तिथला राष्ट्रीय संघातून बाहेर पडलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातो, कामधंदा शोधायला नाही.

आपल्याकडं काय आहे? काहीच नाही असं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बक्षिसं आहेत. पण ही सगळी सोय पदक मिळाल्यानंतरची. पदकाच्या आधी, चौदा ते वीस या वयात, तीन लाखांचं धनुष्य घेताना मायबाप एकटेच असतात. आणि पदकानंतर निवड हुकली की पुन्हा एकटेच.

तरी बुलडाण्यात हे कसं घडलं, याचा मी विचार करत होतो. ना इथं मोठी कंपनी, ना रेल्वे. बुलडाणा हे जिल्ह्याचं ठिकाण असून गावात रेल्वे नाही, मलकापूर गाठावं लागतं घाट उतरून. खामगाव-जालना मार्गाची गोष्ट तर आपल्या आजोबांपासून ऐकतोय. अशा गावातून जगज्जेत्याला हरवणारा पोरगा निघाला कसा?

याचं उत्तर एका माणसाकडं जातं. प्रथमेशचे प्रशिक्षक चंद्रकांत इलग. पोलीस दलातली नोकरी सांभाळून त्यांनी बुलडाण्यात तिरंदाज घडवले. २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगदू इथं जगभरातल्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या क्रीडा स्पर्धा झाल्या, तिथं बुलडाणा पोलीस दलाच्या मोनाली जाधव यांनी तिरंदाजीत सुवर्ण घेतलं. तिच्या बातम्यांमध्येही प्रशिक्षक म्हणून इलग यांचंच नाव. मिहिर अपार हा आणखी एक आपला बुलडाण्याचा. २०२१ मध्ये पोलंडच्या व्रोत्सुआफ इथं युवा विश्वस्पर्धेत भारताच्या कॅडेट कंपाउंड संघानं सुवर्ण घेतलं, त्या संघात तो होता. एका गावातून एक खेळाडू निघाला तर त्याला नशीब म्हणता येईल. दोन-तीन निघाले, तर मागं कोणीतरी वर्षानुवर्षं पहाटे उठून मैदानावर उभं राहिलंय, असं समजायचं.

साताऱ्यातही असंच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी दोन मराठी पोरं जगज्जेती झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि आपल्या विदर्भाचा ओजस. ओजस नागपूरचा, पण सराव साताऱ्याला, प्रवीण सावंत यांच्याकडं, जिथं अदिती शिकली. नागपूरसारख्या शहरातला पोरगा साताऱ्याला जातो! कारण तिथं शिकवणारा माणूस आहे आणि बाण मारायला जागा आहे. या खेळाला एवढंच लागतं बघा : एक माणूस, एक जागा आणि धनुष्य. माणूस आपल्याकडं आहे. मग जागेचं काय?

आमच्या इथल्या मैदानाचं सांगतो. मैदान कोणाचं, कोणाच्या ताब्यात, ते लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका मैदानाचा नाही. तुमच्या तालुक्याला जा, थोड्याफार फरकानं तेच दिसेल. दिवाळीच्या आधी प्रदर्शनाचा मंडप पडतो, तो महिनाभर हलत नाही. मग कोणाची सभा. मग कोणाच्या घरचं लग्न. मंडप निघाला की जमिनीत खुंट्यांची भोकं आणि काचा. लक्ष्याच्या मागं बाण अडवायला भिंत नाही, मातीचा बांध नाही. ३०० च्या वेगानं सुटणारा बाण चुकला तर थांबणार कुठं? म्हणून शिकवणारे एका पोराला मागच्या रस्त्यावर उभं करतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि गुराढोरांना थांबवायला. त्या दिवशी त्या पोराचा सराव होत नाही. एकदा माझी पोरगी तिथं उभी होती. हातात काठी, समोर दोन म्हशी. मी गाडीवरून बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. ५० मीटर सलग, सुरक्षित, रोज सकाळी मोकळी जागा. एवढंच मागणं आहे, राजेहो. स्टेडियम नको, फ्लडलाइट नको.

आणि वेळ आत्ताची आहे, हे का म्हणतो तेही सांगतो. आजवर लोक म्हणायचे, "कंपाउंड तर ऑलिंपिकमध्येच नाही, मंग कशाला?" खरं होतं. ऑलिंपिकमध्ये फक्त रिकर्व्ह हा प्रकार होता. पण एप्रिल २०२५ मध्ये ठरलं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार असणार. एक पुरुष, एक स्त्री. आता विचार करा. देशातून एकच पुरुष आणि एकच स्त्री! हांगझोऊत तिसरा आला म्हणून वैयक्तिक हुकलं होतं, इथं दुसऱ्यालाही जागा नाही. चुरस किती वाढणार! त्याआधी २०२६ मध्ये जपानला आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धा. आपला प्रथमेश २००३ चा. २०२८ मध्ये तो पंचवीसचा असेल. वर्माचं चौतिसाव्या वर्षीचं पदक आठवा आणि मग मला सांगा, कोणाचं करिअर संपलं?

तो लॉस एंजेलिसला जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि त्याच्यावर ते ओझंही टाकायचं नाही. एका पोराच्या खांद्यावर अख्ख्या जिल्ह्यानं बसायचं आणि जिंकला नाही की उतरून चालायला लागायचं, हे मी एकदा केलंय. पुन्हा करणार नाही.

म्हणून मागणं तीन गोष्टींचं. लोकप्रतिनिधींनी वाचावं, अधिकाऱ्यांनी वाचावं, आणि नाही वाचलं तर तुम्ही त्यांना वाचून दाखवावं.

पहिलं. जिल्ह्यात घाटावर एक आणि घाटाखाली एक, अशा दोन जागा फक्त तिरंदाजीसाठी राखून ठेवा. ५० मीटर पल्ला, मागं मातीचा उंच बांध, बाजूनं तारेचं कुंपण. त्या जागेवर मंडप पडणार नाही, असं लेखी द्या.

दुसरं. जिल्हा पातळीवर चार-पाच कंपाउंड धनुष्यं विकत घेऊन ठेवा आणि होतकरू पोरांना वर्षभरासाठी वापरायला द्या. गावच्या वाचनालयातून पुस्तक नेतो, तसं. एक संच तीन लाखांचा धरला तरी पाच संचांचे पंधरा लाख. बॅनर आणि सत्कार समारंभांवर आपण वर्षाला काय उधळतो, त्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

तिसरं. जो खेळाडू देशाकडून खेळून आलाय, त्याच्या मधल्या वर्षांची सोय करा. सहकारी बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था, जिनिंगवाले, मोठे व्यापारी, आपल्याकडं काय कमी आहेत? एकेका खेळाडूला निवड असो-नसो तीन वर्षं दरमहा मानधन. पदक आल्यावर हार घालायला सगळेच येतात. निवड हुकल्यावर ज्यानं पहिला फोन केला, त्याचं नाव खेळाडू विसरत नाही.

आता माझ्या घरचं सांगून थांबतो. नवीन धनुष्य घेतलं नाही, ते झेपणारं नव्हतं. एका मोठ्या खेळाडूनं वापरलेलं, पण चांगल्या स्थितीतलं जुनं कंपाउंड मिळालं. बायकोनं भिशी उचलली, थोडे मी घातले, थोडे पोरीच्या मामानं. आणून दिलं त्या दिवशी पोरीनं विचारलं, "बाबा, माझी निवड नाही झाली तर?"

मी म्हणालो, "नाही झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुला मैदानावर सोडायला मीच येईन."

परवा तिची पहिली चाचणी होती. निवड झाली नाही. काल पहाटे साडेपाचला मी गाडीला किक मारली. थंडी कडाक्याची, बुलडाण्याची थंडी तुम्हाला माहीत आहे. पोरगी मागं बसली, पाठीवर धनुष्याची पेटी. वाटेत एक शब्द बोलली नाही. मैदानावर उतरली, पेटी उघडली, आणि कामाला लागली. मी गेलो मागच्या रस्त्यावर, म्हशी अडवायला. म्हटलं, निदान आजच्या दिवस कोणा पोराचा सराव बुडू नये.

प्रथमेश, ही पोस्ट फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली, तर एवढंच सांगतो. तुझ्या सोन्याच्या दिवशी आम्ही सगळे होतो. चुकलो ते नंतर. तू पहिला आला तरी आमचा, पाचवा आला तरी आमचा.

बाकीच्यांना विनंती, पटलं तर पुढं पाठवा. जमलं तर एखाद्या सकाळी तुमच्या गावच्या मैदानावर चक्कर मारा, तिथं कोणतं पोरगं काय खेळतंय ते बघा, त्याला नाव विचारा. आणि हो, अभिनंदनाची पोस्ट टाकण्याआधी आडनाव वाचत चला. मी आता वाचतो.